पडलेल्याला कोणी उठवले?

सप्टेंबरची ८ तारीख आली की संध्याकाळपासून आपल्या बेटावरचे रस्ते सेंत-क्रुआकडे वळतात. पेर लावाल यांच्या समाधीकडे माणसे रात्रभर चालत जातात. त्यांत क्रिओल असतात, चिनी असतात, मुसलमान असतात आणि आपले हिंदूही असतात. माझी आई दरवर्षी जात असे. कपाळाला कुंकू, पदराखाली मेणबत्तीची पुडी आणि मनात कोणता तरी नवस. त्याच सुमारास केव्हा तरी घरी गणपती बसत. एका हाताने मोदक वळायचे आणि दुसऱ्या हाताने लावालबाबांपुढे मेणबत्ती लावायची, यात तिला काही विसंगत वाटले नाही. आपल्या कित्येक मराठी घरांत आजही असेच चालते.

पण हीच गोष्ट जरा पुढे गेली की आपला सूर बदलतो. घरातला एखादा मुलगा म्हणतो, “मला ख्रिस्ताजवळ बळ मिळाले, मी आता त्याचा झालो,” आणि घर हादरते. आई रडू लागते, काका बोलेनासे होतात, मंडळीत कुजबुज सुरू होते. मेणबत्तीपर्यंत चालते, माणूस गेला की चालत नाही. आज याच विषयावर चार शब्द लिहावेत असे मनात आहे. विषय नाजूक आहे, आणि तो माझ्या स्वतःच्या घरातला आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा ऊस वाहण्याचे काम करीत असे. पुढे त्याने कर्ज काढून स्वतःची लॉरी घेतली. पहिली दोनतीन वर्षे बरी गेली. जुलैपासून डिसेंबरपर्यंत कापणीचा हंगाम, दिवसरात्र फेऱ्या. पण आपल्याकडचे साखर कारखाने एकामागून एक बंद होत गेले, उसाखालची जमीनही कमी झाली, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. त्याच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या. हप्ते मात्र पूर्वीचेच राहिले. शेवटी लॉरी गेली आणि बहिणीने हौसेने केलेले दागिनेही गेले. मुलगा घरात बसला, मग दुकानासमोर बसू लागला, आणि पुढे रमची बाटली घेऊन बसू लागला.

त्या दिवसांत आम्ही नातेवाईकांनी काय केले? आम्ही बोललो. “एवढे कर्ज काढू नकोस म्हणून सांगितले होते.” “आमच्या वेळी आम्ही असे नाही केले.” लग्नकार्यात भेटला तर पाठीवर हात ठेवण्याऐवजी नजर चुकवली. मी त्याचा सख्खा मामा. माझ्या घरापासून त्याचे घर बसने पाऊण तासावर आहे. आठ महिन्यांत मी त्याच्याकडे एकदाही गेलो नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिले नाही तर पुढचे काही बोलण्याचा मला अधिकार राहणार नाही.

गेला तो शेजारचा एक क्रिओल सुतार. रोज संध्याकाळी काम आटोपून तो याच्या ओट्यावर येऊन बसे. पहिले काही आठवडे तर त्याने देवाचे नावही काढले नाही, असे भाचा सांगतो. नुसता बसे, चहा घेई, आणि उठताना “उद्या येतो” म्हणे. दुसऱ्या दिवशी खरोखरच येई. पुढे एका रविवारी भाचा आपणहून त्याच्याबरोबर प्रार्थनेला गेला. दारू सुटली, पुन्हा लागली, पुन्हा सुटली. दुसऱ्यांदा लागली तेव्हाही तो सुतार आला, आणि त्याने काल-परवासारखाच चहा घेतला. आज भाचा दुसऱ्याच्या लॉरीवर चालक आहे. महिन्याच्या महिन्याला कर्ज फेडतो आहे. आणि तो ख्रिस्ती आहे.

बहीण मला म्हणाली, “दादा, पोरगा वाचला म्हणून देवाचे आभार मानू, की पोरगा गेला म्हणून रडू?” मला उत्तर देता आले नाही. तेव्हा मी घरातली जुनी पुस्तके काढली आणि पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचले. वाचकहो, आपल्या मुलांना मराठी शिकवताना आपण तुकाराम सांगतो, शिवाजी महाराज सांगतो, लोकमान्य सांगतो. रमाबाईंचे नाव मात्र जरा दबकत घेतो. अपयशानंतर ख्रिस्ताजवळ बळ शोधणे म्हणजे काय, हे जाणून घ्यायचे असेल तर मराठी माणसाला दुसऱ्या कोणाकडे जाण्याची गरज नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. त्या काळी त्यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि काही आठवड्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात. रमाबाई उंचीने लहान, म्हणून आईच्या तिरडीचे टोक त्यांनी डोक्यावर घेतले आणि त्या स्मशानापर्यंत चालल्या. वय अवघे सोळा. पुढे बहीणही गेली. उरली ही आणि भाऊ श्रीनिवास. दोघे हजारो मैल पायी भटकले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना “पंडिता” आणि “सरस्वती” या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये पटकीने पती गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी, आणि माहेर म्हणावे असे कोणी नाही.

१८८३ मध्ये त्या डॉक्टर होण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. तिथेही निराशाच वाट्याला आली. कानांनी ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरीचा अभ्यास त्यांना करता आला नाही. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इथे आपण एक चूक नेहमी करतो. टीकाकार म्हणतात, “बाई एकटी पडली, गोऱ्यांनी गाठली, बाटवली.” भाविक म्हणतात, “ख्रिस्ती झाली आणि सारे दुःख संपले.” या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. स्वतः रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहून ठेवली आहे. बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, असा तिचा आशय आहे. तो त्यांना सापडला पुढे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास. मधल्या काळात त्या आपल्या धर्मगुरूंशीही वाद घालत होत्या, प्रश्न विचारत होत्या, आज्ञा केली म्हणून मान्य करीत नव्हत्या. ज्या बाईला शास्त्री-पंडित गप्प करू शकले नाहीत, तिला इंग्लंडातल्या मठवासिनी कशा गप्प करणार?

आणि बळ सापडल्यावर पुढे काय झाले? यश मिळाले का? उलट सर्वांत मोठा आघात त्यानंतर झाला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या त्याच सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. “केसरी”ने झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. उभे केलेले घर डोळ्यांदेखत अर्धे रिकामे झाले.

त्या वादात सगळा दोष एकाच बाजूचा होता असे मी म्हणणार नाही. मुली धर्मांतर करणार नाहीत या विश्वासावर पालकांनी त्या पाठवल्या होत्या. त्यांची भीती समजण्यासारखी होती. पण मला सांगायचे आहे ते वेगळे. देवावर श्रद्धा ठेवली की धंदा चालतो, आजार जातो, परीक्षा पास होते, असे सांगणाऱ्यांनी १८९३ चे रमाबाईंचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. श्रद्धा सापडली ती १८९१ मध्ये, आणि सदन विस्कटले ते १८९३ मध्ये. श्रद्धेने त्यांचे अपयश टाळले नाही. अपयशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून उरलेल्या मुलींना शिकवायला बसण्याचे बळ तेवढे दिले.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. लहानपणी आपण उपाशी चाललेले रस्ते त्यांना आठवले असणारच. तिथून त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या. पुण्याजवळ केडगावला जमीन होती, तिथे झोपड्या उभ्या राहिल्या आणि “मुक्ती” ही संस्था वाढली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या जवळपास दोन हजारांवर गेली. तिथे शेती होती, माग होते, छापखाना होता. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवत. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन होते. ज्यांना पुण्याच्या सभ्य घरांनी ओटीवर घेतले नसते, त्यांना तिथे ताटावर जागा मिळाली. शारदा सदन सुरळीत चालले असते तर केडगाव झाले असते का, हे मी सांगू शकत नाही. पण केडगाव उभारणारी बाई ही पुण्यात हरलेली बाई होती, हे खरे.

शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. अडाणी बाईलाही समजेल अशी भाषा हवी, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्यांच्याच संस्थेतल्या मुली छापखान्यात खिळे जुळवीत. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. हाताशी आलेली, सारा कारभार सांभाळणारी एकुलती एक मुलगी. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्या भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासूनच, असे सांगतात.

आता आपल्या बेटावर परत येऊ. माझ्या बहिणीचे दुसरे दुःख असे की, मुलगा ख्रिस्ती झाला म्हणजे आता मराठी राहिला नाही. हे दुःख खोटे नाही. आपले पूर्वज गिरमिटावर इथे आले तेव्हा गाठोड्यात त्यांनी भाषा आणि देव एकत्र बांधून आणले. बैठकीत गुरुजींनी अक्षरे शिकवली ती भजनांतून. झाकरी नाचलो ती गणपतीपुढे. त्यामुळे देव सुटला की भाषाही सुटेल अशी भीती आपल्याला वाटते. आणि आपल्याकडचे चर्च बोलते क्रिओलमध्ये आणि फ्रेंचमध्ये, त्यामुळे भीती आणखी वाढते.

पण महाराष्ट्रात पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. आपल्यापैकी कित्येकांची मूळ गावे ज्या मातीत आहेत त्याच मातीतले. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई संतापाने आणि दुःखाने वेडीपिशी झाली. पाच वर्षे ती आपल्या विचाराने झगडली आणि १९०० मध्ये तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. या दोघांनी मराठी सोडली का? टिळकांनी ख्रिस्ताची भजने अभंगांच्या चालीत लिहिली आणि ती महाराष्ट्रातल्या देवळांत, म्हणजे त्यांच्या चर्चांत, आजही टाळांवर म्हणतात. टिळकांचे “ख्रिस्तायन” १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, जिला धड शाळा माहीत नव्हती तिने, चौसष्ट अध्याय लिहून. आणि तिची “स्मृतिचित्रे” वाचल्याशिवाय मराठी वाचली असे कोणी म्हणू नये. तेव्हा मराठी जाईल की राहील हे देवळाच्या दारावर ठरत नाही. घरात त्या मुलाशी आपण मराठीत बोलणार की बोलणेच बंद करणार, यावर ते ठरते. आपण त्याच्याशी अबोला धरला तर त्याची मराठी आपणच मारली.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. ते सर्वांना पटेल असे नाही.

पहिली गोष्ट आपल्या घरांसाठी. मुलगा कोणाचा झाला, हे विचारण्याआधी तो पडला होता तेव्हा आपण कुठे होतो, हे स्वतःला विचारावे. ज्याच्या ओट्यावर आठ महिने मामा गेला नाही, त्याच्या ओट्यावर सुतार गेला तर दोष सुताराचा कसा? आपल्या धर्मात करुणा नाही असे मुळीच नाही. रंजल्यागांजल्यांना आपले म्हणावे, हे आपल्याला तुकोबांनीच शिकवले. उणीव धर्मात नव्हती, माझ्या पायांत होती. हरलेल्या माणसाला उपदेश नको असतो, सोबत हवी असते. ती आपण दिली तर त्याने बळ कुठल्या नावाने घेतले याची भीती आपल्याला वाटणार नाही.

दुसरी गोष्ट चर्चमधल्या बंधूंसाठी, कारण त्यांच्यातलेही काही जण हे पान वाचतात. पडलेल्या माणसाला हात द्या, त्याबद्दल आम्ही ऋणी राहू. पण त्याच्या पडलेपणाचा सौदा करू नका. बाप्तिस्मा घे म्हणजे नोकरी मिळेल, प्रार्थना कर म्हणजे साखरेचा आजार जाईल, गोळ्या बंद कर, असे कोणी सांगत असेल तर ते पाप आहे. आणि घाईही करू नका. रमाबाईंसारख्या विदुषीला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लागली. आमच्या पोरांना आठ आठवड्यांत आईवडिलांच्या देव्हाऱ्याला नावे ठेवायला शिकवू नका. आईशी तोडून जी श्रद्धा उभी राहते ती पुढच्या पहिल्या वादळात टिकेल का?

तिसरी गोष्ट त्या मुलांसाठीच. तुम्हाला बळ मिळाले, आनंद आहे. ते बळ दिसू द्या, पण ते तोंडाने कमी आणि हातांनी जास्त दिसू द्या. लावालबाबांकडेच पाहा. नॉर्मंडीतला हा डॉक्टर धर्मगुरू होऊन १८४१ मध्ये इथे आला. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांकडे गेला, त्यांची भाषा शिकला, त्यासाठी मळेवाल्यांची थट्टा आणि द्वेष सोसला. शेवटची वर्षे अर्धांगाच्या झटक्यांनी खिळून काढली आणि १८६४ मध्ये वारला. पोपनी त्यांना धन्य घोषित केले ते १९७९ मध्ये. पण त्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या आईसारख्या बायका तिथे मेणबत्त्या लावीत होत्या. त्या काही शिकवण ऐकून जात नव्हत्या. हा माणूस टाकलेल्यांच्या दारी गेला होता, एवढेच त्यांना ठाऊक होते.

गेल्या गणेश चतुर्थीला भाचा बहिणीच्या घरी आला. आरतीला तो उभा राहिला नाही. बाहेर अंगणात बसून राहिला. एकदोघांनी भुवया उंचावल्या. जेवणावळ झाल्यावर त्याने शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि नळाखाली बसून मोठमोठी पातेली घासली. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला म्हाताऱ्या माणसांना समुद्रापर्यंत चालवेना, त्यांना त्याने मालकाची गाडी मागून आणून नेले आणि परत आणले. गणपती पाण्यात जाताना तो गाडीजवळ उभा होता. बहीण प्रसाद घेऊन त्याच्याकडे गेली, मग घुटमळली. तो म्हणाला, “आई, मला नको, पण तू दमलीस, आधी बस.” आणि त्याने तिच्यासाठी दार उघडले.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला अजूनही पूर्ण सापडलेले नाही. पण पोरगा गेला असे आता मी म्हणणार नाही, आणि तिलाही म्हणू देणार नाही. आता महिन्यातून दोन रविवार मी त्याच्याकडे जातो. सकाळी त्याची प्रार्थना असते म्हणून दुपारी जातो. कधी कधी तो सुतारही तिथे असतो. आम्ही तिघे चहा घेतो.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात असा एखादा हरलेला मुलगा किंवा मुलगी आज असेल. परीक्षेत हरलेली, धंद्यात हरलेला, संसारात हरलेली. त्याचा किंवा तिचा देव कोणता, याची चर्चा आपण नंतर करू. पुढच्या रविवारची बस मात्र चुकवू नये, एवढीच माझी विनंती आहे.